निम्म्या हिश्श्याचं स्टेडियम

मैदानाचं काम संपत आलं त्या आठवड्यात दोन्ही क्लबांची पोरं रोज संध्याकाळी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहायची. आत नवं कृत्रिम गवत, चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब, कपडे बदलायला दोन खोल्या आणि सामानासाठी एक पत्र्याची शेड. आजवर आम्ही खेळलो ती सगळी मैदानं मातीची. सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला जाऊन खडे वेचायचे, फक्की मारायची, जाळी बांधायची, आणि नऊला क्रिकेटवाले आले की आवरतं घ्यायचं. पुण्यात फुटबॉल खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे नवं मैदान दोन क्लबांनी मिळून वापरायचं होतं. दुसरा क्लब आमच्याच भागातला, ओढ्यापलीकडचा. वैर जुनं. त्यांच्याशी सामना असला की त्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. अट एकच होती, देखभाल आणि वीजबिल दोघांनी भागवायचं. पहिल्याच बैठकीत आमचे अध्यक्ष म्हणाले, "निम्मं-निम्मं करून टाकू. वाद नको." समोरचे अण्णा, जे पंचवीस वर्षं त्यांच्या पोरांना शिकवतायत, त्यांनीही मान हलवली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

मी क्लबचे हिशेब बघतो. मी दोन आठवडे मागून घेतले. निम्म्या-निम्म्यावर उभं राहिलेलं एक स्टेडियम मला माहीत होतं, आणि तिथे काय झालं ते सगळ्यांपुढे ठेवल्याशिवाय मला सही करायची नव्हती. त्यासाठी तयार केलेलं टिपण ते हे.

स्टेडियम जर्मनीतल्या म्युनिकचं, आलियान्झ अरेना. त्या शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब. बायर्न आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. दुसरा टीएसव्ही १८६०, लोक त्यांना 'सिंह' म्हणतात. नावातला आकडा स्थापनेच्या सालाचा. १९६३ साली जर्मनीची पहिल्या श्रेणीची लीग, बुंडेसलिगा, सुरू झाली तेव्हा म्युनिकमधून १८६० ला जागा मिळाली होती, बायर्नला नाही. बायर्न १९६५ ला वर आला, आणि १९६६ चं विजेतेपद १८६० नं जिंकलं. दोघं कित्येक वर्षं गिझिंग भागातल्या ग्रुनवाल्डर रस्त्यावरच्या जुन्या स्टेडियमवर खेळले, म्हणजे एका मैदानावर नांदायची सवय त्यांना होतीच. १९७२ ला ऑलिम्पिकचं स्टेडियम झालं आणि बायर्न तिकडे गेला. १८६० ची दोन्हीकडे ये-जा चालू राहिली आणि १९९५ पासून तेही तिथेच खेळू लागले. ग्रुनवाल्डर रस्ता सोडून जाणं त्यांच्या बऱ्याच जुन्या चाहत्यांना आवडलं नव्हतं.

ऑलिम्पिक स्टेडियम देखणं, पण प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये धावपट्टी. पुण्यातल्या बालेवाडीच्या स्टेडियमवर बसून फुटबॉल पाहिलेल्याला ही अडचण समजावून सांगायला नको. चेंडू लांब, आवाज लांब. २००० साली २००६ च्या विश्वचषकाचं यजमानपद जर्मनीला मिळालं. ऑलिम्पिक स्टेडियमची मोडतोड करून ते फुटबॉलचं करायचा विचार मागे पडला आणि शहराच्या उत्तर टोकाला, फ्रॉटमानिंगला, नवं बांधायचं ठरलं. २१ ऑक्टोबर २००१ ला म्युनिककरांनी मतदान केलं आणि ६५.७ टक्के लोकांनी होकार दिला. बरोबर एका वर्षानं पायाभरणी झाली. बांधकामाचा खर्च सुमारे ३४ कोटी युरो. रस्ते आणि मेट्रोकडचा खर्च सरकारी, पण स्टेडियम क्लबांचं. त्यासाठी एक कंपनी काढली, आणि तिच्यात दोन्ही क्लबांचा हिस्सा ठेवला निम्मा-निम्मा.

हा निर्णय त्या काळात कुणालाही वेडेपणा वाटला नसणार, हे आधी मान्य करायला हवं. १९९९-२००० च्या हंगामात १८६० बुंडेसलिगात चौथे आले होते. त्याच हंगामात लीगमधले दोन्ही सामने त्यांनी बायर्नविरुद्ध जिंकले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये ते युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळले. अशा क्लबला "तुम्ही भाडेकरू म्हणून या" असं म्हणणं अपमानाचं झालं असतं, आणि त्यांनीही ते ऐकून घेतलं नसतं. निम्मा हिस्सा हा मान होता. पण तो मान एका चांगल्या हंगामाच्या जोरावर मिळालेला होता, आणि कर्ज पाव शतकाचं होतं. क्लबची कमाई दर मे महिन्यात, हंगाम संपला की, बदलू शकते. बँकेचा हप्ता गुणतक्त्यातली जागा बघून कमी-जास्त होत नाही. सगळ्या प्रकरणाची गाठ मला इथेच दिसते.

दोन वैऱ्यांना एका घरात कसं ठेवायचं, याचं उत्तर वास्तुरचनाकारांनी मात्र फार सुरेख काढलं. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस जोडीनं स्टेडियमला बाहेरून हवा भरलेल्या पारदर्शक उशांचं कवच दिलं. आतून दिवे लावले की सगळी इमारत पेटते. बायर्नचा सामना असेल तर लाल, १८६० चा असेल तर निळी, राष्ट्रीय संघाचा असेल तर पांढरी. खुर्च्या राखाडी ठेवल्या, कारण लाल म्हटलं तर निळे बसणार नाहीत आणि निळ्या म्हटलं तर लाल. कपडे बदलायच्या खोल्या चार. दोन यजमान क्लबांना एक-एक कायमची, आणि पाहुण्यांसाठी दोन. म्हणजे आज सामना असो-नसो, आपल्या खोलीत दुसऱ्याचा बूट पडणार नाही. मला ही चार खोल्यांची गोष्ट त्या दिव्यांपेक्षाही आवडते. मालकीचा हिशेब जितका घाईत झाला, तितकाच हा सवतेपणाचा विचार बारकाईनं झाला होता.

नवं स्टेडियम उघडलं ३० मे २००५ ला. पहिला सामना १८६० चा, न्युरेंबर्गशी, ३-२ नं जिंकला. दुसऱ्या दिवशी बायर्न खेळला, थेट जर्मनीच्या राष्ट्रीय संघाशी. पण उद्घाटनाला निळे दिवे लागले तेव्हा १८६० पहिल्या श्रेणीत नव्हते. एक वर्ष आधीच, २००४ ला, ते दुसऱ्या श्रेणीत घसरले होते.

आणि त्याच २००४ च्या मार्चमध्ये आणखी एक घाव बसला होता. क्लबचे अध्यक्ष कार्ल-हाइन्झ विल्डमोझर आणि त्यांचा मुलगा यांना स्टेडियमच्या बांधकामाच्या ठेक्यातल्या लाचेच्या संशयावरून अटक झाली. मुलगा स्टेडियम कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक होता. आरोप होता तो २८ लाख युरोंचा. वडील काही दिवसांत सुटले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मुलाला २००५ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. लोक या प्रकरणाबद्दल बोलताना इथेच रेंगाळतात, कारण अटक लक्षात राहते. माझ्या मते लाच झाली नसती तरी शेवट फार वेगळा झाला नसता. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबला टीव्हीचे पैसे कमी, प्रायोजक कमी, पाहुणे संघ लहान म्हणून तिकिटंही कमी. स्टेडियमचा भार मात्र पहिल्या श्रेणीच्या स्वप्नाएवढा.

एप्रिल २००६ मध्ये, उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा दिवाळखोरीच्या दारात उभ्या असलेल्या १८६० नं आपला निम्मा हिस्सा बायर्नला १ कोटी १० लाख युरोंना विकला. (३४ कोटींचं निम्मं १७ कोटी, मग १ कोटी १० लाखच कसे, असं आमच्या बैठकीत एकानं विचारलं. स्टेडियमवर कर्ज होतं, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून बोलणं बरोबर नाही.) ठरावीक मुदतीत हिस्सा परत विकत घ्यायची सोय होती. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये १८६० नं तीही सोडून दिली. मालक होते ते आता भाडेकरू झाले, आणि करार होता २०२५ पर्यंतचा.

त्यानंतरची अकरा वर्षं मला सगळ्यात जास्त टोचतात. वरवर काहीच बदललं नव्हतं. त्यांच्या सामन्याला दिवे निळेच लागत, खोली त्यांचीच होती. पण उघडलं तेव्हाच ६६ हजारांचं असलेलं ते स्टेडियम दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला फार मोठं होतं. सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर कित्येक सामन्यांना वीस हजारांच्या आसपास माणसं असायची. भाडं भरायचं भरलेल्या स्टेडियमच्या हिशेबानं आणि गाणी म्हणायची रिकाम्या खुर्च्यांपुढे. २०११ ला क्लब बुडायला आला तेव्हा हसन इस्मैक या जॉर्डनच्या गुंतवणूकदाराला आत घ्यावं लागलं. ज्या वैरासाठी दिवे, खुर्च्या, खोल्या वेगळ्या केल्या, ते वैर मैदानावर जवळपास उरलंच नाही. १८६० परत कधी पहिल्या श्रेणीत गेलेच नाहीत, त्यामुळे या स्टेडियमवर दोघांचा लीगचा सामना झालाच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जर्मन कपात एकदा गाठ पडली. १२० व्या मिनिटाला रिबेरीनं पेनल्टी मारली आणि बायर्न १-० नं जिंकला. तेवढीच.

शेवटचा सामना ३० मे २०१७ चा. उद्घाटनाच्या बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला. दुसऱ्या श्रेणीत टिकण्यासाठी रेगेन्सबर्गशी निर्णायक लढत होती आणि त्या दिवशी ६२ हजारांवर लोक आले. १८६० ०-२ नं हरत होते तेव्हा चाहत्यांनी खुर्च्या आणि हाताला लागेल ते मैदानात फेकायला सुरुवात केली. खेळ पंधरा मिनिटं थांबला. चाहत्यांचं वागणं वाईटच होतं, पण त्या खुर्च्या एके काळी निम्म्या त्यांच्या होत्या हे मनातून जात नाही. दोन-तीन दिवसांत तिसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणारे पैसेही भरले गेले नाहीत आणि क्लब थेट चौथ्या श्रेणीत गेला. तिथून ते ग्रुनवाल्डर रस्त्यावरच्या जुन्या, बारा-पंधरा हजारांच्या स्टेडियमवर परतले, आणि तिथे तिकिटं मिळेनाशी झाली. बायर्ननं तोवर, २०१४ लाच, स्टेडियमचं सगळं कर्ज ठरल्यापेक्षा सोळा वर्षं आधी फेडलं होतं. २०१८ मध्ये राखाडी खुर्च्या जाऊन लाल आल्या.

बायर्न या गोष्टीतला खलनायक नाही. त्यांनी हिस्सा घेतला नसता तर १८६० त्याच वर्षी कोसळले असते. चूक सुरुवातीच्या कागदात आहे. बरोबरीचा मान मिळवायला बरोबरीचा पैसा लावावा लागला, आणि पैसा संपला त्या दिवशी मानही गेला.

याच्या शेजारी मिलानचं सान सिरो ठेवून बघा. १९२६ ला एसी मिलानसाठी बांधलेलं ते स्टेडियम १९३५ ला महापालिकेनं घेतलं आणि १९४७ पासून इंटरही तिथे खेळू लागला. दोघं कट्टर वैरी, दोघं पालिकेचे भाडेकरू. एसी मिलान १९८० आणि १९८२ असं दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरलं, तरी घर सुटलं नाही. डोक्यावर निम्म्या स्टेडियमचं कर्ज नव्हतं आणि समोर खरेदीदार वैरी नव्हता. २०२५ ला मात्र दोघांनी मिळून ते पालिकेकडून १९ कोटी ७० लाख युरोंना विकत घेतलं, शेजारी नवं बांधण्यासाठी. तो हिशेब त्यांनी कसा लिहिला असेल, याची मला मनापासून उत्सुकता आहे.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं, पण पटलं ते म्युनिकमुळे नाही. मला घरातली गोष्ट सांगावी लागली.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. आजोबांनी खणलेली विहीर वडील आणि काकांच्यात सामायिक. सातबाऱ्यावर दोघांची नावं, निम्मा-निम्मा हिस्सा. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, मोटारीचं बिल निम्मं. वाटण्या झाल्या तेव्हा जमीनही सारखीच होती. पुढे काकूच्या आजारपणात काकांनी दोन एकर विकलं. भिजवायला एक एकर उरलं, बिल मात्र निम्मंच. दोन वर्षं त्यांनी भरलं, मग थकलं. वीज तोडायला माणूस आला तेव्हा वडिलांनी सगळी बाकी भरली, आणि त्याच साली काकांनी आपला हिस्सा वडिलांच्या नावे करून दिला. भांडण झालं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. वडील म्हणाले, "पाणी तुझंच आहे, घेत जा." पण काका पुन्हा विहिरीवर आले नाहीत. काकू हंडा घेऊन यायची ती आधी आमच्या ओसरीवर थांबायची आणि आईला विचारायची, "ताई, घेऊ का?" आई त्यावर काही बोलायची नाही, उठून आत जायची. बिल मोटारीच्या तासांवर लावलं असतं तर काकांचा हिस्सा आजही सातबाऱ्यावर असता, असं मला कायम वाटत आलंय.

यावर आमच्यातल्या एका तरुण सभासदानं बालेवाडीचा मुद्दा काढला, आणि तो रास्त होता. बालेवाडी शासनाचं, क्लबांवर बांधकामाचं कर्ज नाही, तरी तिथे एकही क्लब टिकला नाही. २००७ ला सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या लीगमध्ये, दुसरा आला होता. २०१५ च्या हंगामात भारत एफसीही त्याच मैदानावर आय-लीग खेळला, शहराला घरचं वैर मिळालं, आणि त्या हंगामानंतर दोन्ही संघ बंद झाले. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळले. २०१४ ला आलेला एफसी पुणे सिटी २०१९ ला गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. म्हणजे नुसतं भाडेकरू असणंही पुरत नाही. ते क्लब मालकांच्या पैशावर उभे होते, आमच्यासारखे आई-बापांच्या वर्गणीवर नाही, हा फरक मोठा आहे. पण त्याचं म्हणणं मी लिहून घेतलं. जागेवर आपली खूण नसेल तर ती सोडायला कुणाला जड जात नाही.

मग मसुदा केला. आमच्या क्लबच्या नऊ टीम आहेत, मुलींच्या दोन धरून. त्यांच्या चार. देखभालीचे तेरा हिस्से, नऊ आमचे, चार त्यांचे, आणि दर जूनमध्ये टीम मोजून हिस्से नव्यानं काढायचे. दिव्यांचं बिल वहीतल्या तासांवर. दिवे लावणाऱ्यानं वेळ लिहून सही करायची. मैदान चालवणाऱ्या समितीत मात्र दोघांचे तीन-तीन जण, हिस्से कितीही बदलले तरी. खोली एकाला एक, कायमची. भिंतीला दोघांचाही रंग नाही, पण आपापल्या खोलीच्या आत हवा तो मारा. आणि एखाद्या क्लबचे पैसे थकले तरी लहान पोरांच्या संध्याकाळच्या पाळ्या एक पूर्ण हंगाम थांबवायच्या नाहीत.

विरोध आमच्याकडूनच झाला. "जास्त आपण भरायचं आणि मत सारखं?" हा प्रश्न तीन वेळा आला. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं, की आज नऊ टीम आपल्या आहेत. १९६६ ला विजेते कोण होते ते पुन्हा वाचा.

अण्णांनी मसुदा चष्मा पुसून दोनदा वाचला.

"पुढच्या वर्षी आमच्या दोनच टीम राहिल्या तर?"

"तर अकरातले दोन हिस्से, अण्णा."

"आणि समितीत?"

"तीनच जण."

त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "शेडची चावी कुणाकडे राहणार?"

याचा विचार मी केलाच नव्हता. मग विहिरीवरची मोटारीची खोली आठवली. तिच्या कडीला साखळी होती, आणि साखळीची दोन टोकं एका कुलपानं न जोडता दोन कुलपांनी जोडलेली. एका टोकात वडिलांचं, दुसऱ्यात काकांचं, आणि ती दोन्ही कुलपं एकमेकांत अडकवलेली. कुणीही आपलं उघडलं की साखळी सुटते, दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

रविवारी सकाळी बोहरी आळीतून आणलेली साखळी आणि एक कुलूप घेऊन मी मैदानावर गेलो. अण्णा आधीच आले होते. कुलूप त्यांनी घरून आणलं होतं, जुनं पितळी. ते माझ्या कुलपात अडकवून त्यांनी आपल्या किल्लीनं उघडून पाहिलं, परत लावलं, आणि पुन्हा एकदा उघडून पाहिलं.